शटडाऊनचे खापर कोणाच्या माथी? अमेरिकेतील आरोग्य अनुदानाचा वाद आणि जनमताचा कौल

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेच्या शिक्षण खात्यातील कर्मचाऱ्यांना ई-मेल पाठवणाऱ्यांना एक चमत्कारिक उत्तर मिळू लागले. ज्याला पत्र लिहिले, तो कर्मचारी सक्तीच्या बिनपगारी रजेवर घरी बसलेला होता. परंतु त्याच्या नावाने आपोआप येणाऱ्या उत्तरात, सरकारचे कामकाज बंद पडण्यास डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर जबाबदार आहेत, असा मजकूर होता. कर्मचाऱ्यांनी स्वतः लिहून ठेवलेला साधा, तटस्थ मजकूर त्यांना न विचारता बदलण्यात आला होता. त्यांची संघटना न्यायालयात गेली. असे शब्द कर्मचाऱ्यांच्या तोंडी घालणे हा त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे, असा निकाल फेडरल न्यायाधीशांनी ७ नोव्हेंबर रोजी दिला.

हा प्रकार एका खात्यापुरता नव्हता. गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर विरोधकांना दोष देणारी ठळक लाल पट्टी झळकत होती. विमानतळांवरील सुरक्षा तपासणीच्या रांगेत दाखवण्यासाठी अंतर्गत सुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांची त्याच आशयाची चित्रफीत पाठवण्यात आली, आणि अनेक विमानतळांनी ती दाखवण्यास नकार दिला. विरोधी पक्षही स्वस्थ बसलेला नव्हता. विम्याचे वाढते हप्ते हे सत्ताधाऱ्यांचेच पाप आहे, असा त्याचा प्रचार तितक्याच जोराने सुरू होता.

सरकार बंद असताना दोन्ही पक्षांची एवढी शक्ती ते उघडण्यापेक्षा एकमेकांवर खापर फोडण्यात का खर्च व्हावी? अमेरिकेची राज्यव्यवस्था, आरोग्य विम्याचा प्रश्न आणि जनमताचा स्वभाव या तीन गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

सरकार बंद पडते म्हणजे काय?

अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, कायद्याने मंजूर केल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढता येत नाही. तेथील आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत खर्चाची विधेयके किंवा निदान तात्पुरती मंजुरी मिळाली नाही, तर खात्यांकडे खर्चाचा अधिकार उरत नाही. पूर्वी अशा वेळी खाती काटकसरीने काम रेटून नेत असत. १९८० आणि १९८१ मध्ये तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी एकोणिसाव्या शतकातील जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावला. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची व तत्सम कामे वगळता बाकी काम थांबवलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते. आज ज्याला ‘शटडाऊन’ म्हणतात, त्याचा उगम तेथे आहे.

भारतात असे का घडत नाही, हा प्रश्न येथील वाचकाला साहजिकच पडेल. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ११६ नुसार लोकसभा लेखानुदान देऊ शकते. अर्थविधेयक राज्यसभेला फार तर चौदा दिवस रोखता येते. आणि खर्चाच्या मागणीवर लोकसभेत पराभव झाला, तर त्या सरकारला सत्तेवर राहता येत नाही. याचा अर्थ असा की, कोंडी झालीच तर ती सरकार बदलून किंवा निवडणूक घेऊन सुटते.

अमेरिकेत अध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या तिघांचीही मुदत ठरलेली आहे. खर्चाचे विधेयक अडले म्हणून कोणाचेही पद जात नाही. शिवाय सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घेण्यासाठी बहुतेक वेळा १०० पैकी ६० मते लागतात. त्यामुळे अल्पमतातील पक्षही विधेयक रोखू शकतो. अशा स्थितीत समोरच्याला माघार घ्यायला लावण्याचे एकच साधन उरते, ते म्हणजे लोकांचा रोष त्याच्याकडे वळवणे. दोषारोपाची ही लढाई म्हणूनच तेथे केवळ तोंडपाटीलकी ठरत नाही. वाटाघाटीतले ते प्रमुख हत्यार असते.

वादाचे मूळ: विम्याचा हप्ता

अमेरिकेतील बहुसंख्य नोकरदारांना आरोग्य विमा मालकाकडून मिळतो. वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सरकारी योजना आहेत. या तिन्हींत न बसणाऱ्यांची, म्हणजे छोटे व्यावसायिक, शेतकरी, कंत्राटावर काम करणारे आणि वेळेआधी निवृत्त झालेले यांची, सोय २०१० च्या ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’ या कायद्याने केली. ‘ओबामाकेअर’ म्हणून ओळखला जाणारा कायदा तो हाच. या लोकांनी सरकारी देखरेखीखालील बाजारातून खासगी विमा घ्यायचा आणि उत्पन्नानुसार हप्त्याचा काही भाग सरकारने भरायचा, अशी ही रचना आहे.

मूळ कायद्यात दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून अधिक उत्पन्न असलेल्यांना काहीच साहाय्य नव्हते. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ही मर्यादा तात्पुरती उठवण्यात आली आणि कोणालाही ठरावीक विम्यासाठी उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक हप्ता भरावा लागू नये, अशी वाढीव अनुदानाची तरतूद झाली. २०२२ मध्ये तिला २०२५ च्या अखेरपर्यंत मुदतवाढ मिळाली. परिणामी या बाजारातून विमा घेणाऱ्यांची संख्या सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेली. त्यांपैकी २ कोटी २० लाखांच्या आसपास लोकांना अनुदान मिळत होते.

ही मुदत संपली तर काय होईल, याचा हिशेब आरोग्य धोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेने मांडला. अनुदान घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या खिशातून भरावा लागणारा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर, म्हणजे दुपटीहून अधिक जाईल, असा हा अंदाज होता. दुसरीकडे, वाढीव अनुदान कायमचे करायचे तर दहा वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर लागतील, असे काँग्रेसच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचे गणित होते. कोविडसाठी सुरू केलेली तात्पुरती मदत कायमची करू नये, विमा कंपन्यांचे खिसे त्यातून भरतात, असे रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे. लोकांनी संसार ज्या रकमेवर बेतला, ती एकाएकी काढून घेऊ नये, असे डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे.

याच काळात आणखी एक आरोप गाजला. बेकायदा स्थलांतरितांना फुकट उपचार मिळावेत म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने सरकार बंद पाडले, असे सत्ताधारी नेते सांगत होते. प्रत्यक्षात बेकायदा स्थलांतरितांना हे अनुदान घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. डेमोक्रॅटिक प्रस्तावात कायदेशीर वास्तव्य असलेल्या काही स्थलांतरितांची पात्रता परत देण्याचा भाग होता. आरोप करताना हा भेद पुसला गेला.

२०१३ चा अनुभव

आरोग्याच्या खर्चावरून सरकार अडण्याची ही पहिली वेळ नव्हती. १९९५ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नाकारलेल्या तात्पुरत्या खर्च विधेयकात मेडिकेअरच्या हप्त्याचा मुद्दा होता. त्या वर्षाच्या आणि पुढील वर्षाच्या संधिकाळात सरकार दोनदा बंद पडले.

अधिक स्पष्ट उदाहरण २०१३ चे आहे. प्रतिनिधिगृहात बहुमत असलेल्या रिपब्लिकन पक्षाने, ओबामाकेअरचा निधी रोखल्याशिवाय किंवा त्याची अंमलबजावणी लांबवल्याशिवाय खर्चाला मंजुरी नाही, अशी अट घातली. सिनेटर टेड क्रूझ यांनी त्यासाठी सभागृहात २१ तास भाषण केले. १ ऑक्टोबरला सरकार बंद पडले आणि सुमारे आठ लाख कर्मचारी रजेवर गेले. १६ दिवसांनी सिनेटने ८१ विरुद्ध १८ आणि प्रतिनिधिगृहाने २८५ विरुद्ध १४४ मतांनी ते उघडले, तेव्हा ओबामाकेअर जवळजवळ जसेच्या तसे उभे होते.

लोकांचा कौल तेव्हा निःसंदिग्ध होता. एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नल यांच्या चाचणीत ५३ टक्के लोकांनी रिपब्लिकन पक्षाला, तर ३१ टक्के लोकांनी अध्यक्ष बराक ओबामांना दोष दिला. गॅलपच्या मोजणीत रिपब्लिकन पक्षाबद्दल चांगले मत असणारे २८ टक्क्यांवर घसरले. १९९२ पासून ही मोजणी सुरू झाल्यावर कोणत्याही पक्षाने गाठलेला तो नीचांक होता. गंमत अशी की, ज्या कायद्याला विरोध म्हणून हा खटाटोप झाला, त्या ओबामाकेअरबद्दलचे मत त्याच काळात थोडे सुधारले.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. सरकार बंद पडले त्याच दिवशी ओबामाकेअरचे संकेतस्थळ सुरू झाले होते आणि ते सपशेल कोलमडले होते. शटडाऊनच्या गदारोळात तिकडे पुरेसे लक्ष गेले नाही. सरकार उघडताच मात्र बातम्यांचा झोत त्या संकेतस्थळावर वळला आणि रोषाची दिशा पालटली. वर्षभराने, नोव्हेंबर २०१४ च्या निवडणुकीत, ज्या पक्षाच्या माथी खापर फुटले होते त्याच रिपब्लिकन पक्षाने सिनेटच्या नऊ जागा जास्तीच्या जिंकून बहुमत मिळवले. १९९६ मध्येही असेच झाले होते. क्लिंटन पुन्हा निवडून आले, पण दोन्ही सभागृहे रिपब्लिकन पक्षाकडेच राहिली.

२०२५ मध्ये ठोकताळा चुकला

या अनुभवांतून तेथील राजकारणात एक ठोकताळा रूढ झाला होता: जो पक्ष खर्चाच्या विधेयकाला वेगळी अट जोडतो, त्याच्यावर लोक रागावतात. २०१८-१९ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवरील भिंतीसाठी ३५ दिवस सरकार बंद राहिले, तेव्हाही तेच दिसले. अट डोनाल्ड ट्रम्प यांची होती. वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी यांच्या चाचणीत ५३ टक्के लोकांनी ट्रम्प व त्यांच्या पक्षाला, तर २९ टक्के लोकांनी डेमोक्रॅटिक पक्षाला जबाबदार धरले.

२०२५ मध्ये अट घालणारा पक्ष डेमोक्रॅटिक होता. खर्च आहे तसा काही आठवडे चालू ठेवणारे विधेयक प्रतिनिधिगृहाने १९ सप्टेंबरला मंजूर केले होते. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाकडे ५३ जागा होत्या. आणखी सात मते हवी होती. वाढीव अनुदानाची मुदत वाढवल्याशिवाय ती द्यायची नाहीत, असा निर्णय अल्पमतातील नेते चक शूमर आणि त्यांच्या पक्षाने घेतला. ठोकताळ्याप्रमाणे दोष त्यांच्याकडे जायला हवा होता. तसे झाले नाही.

१ ऑक्टोबरच्या दिवशीच वॉशिंग्टन पोस्टने घेतलेल्या चाचणीत ४७ टक्के लोकांनी ट्रम्प व रिपब्लिकन पक्षाला आणि ३० टक्के लोकांनी डेमोक्रॅटिक पक्षाला दोष दिला. उरलेल्यांचे मत बनलेले नव्हते. महिनाअखेरीस पोस्ट आणि एबीसीच्या चाचणीत हे प्रमाण ४५ आणि ३३ होते. एनबीसीच्या चाचणीत ते ५२ आणि ४२ आले.

याची दोन कारणे संभवतात. पहिले, अध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे एकाच पक्षाकडे होती. ज्याच्या हाती कारभार, त्याला जाब, हा सामान्य माणसाचा सरळ हिशेब साठ मतांच्या नियमाच्या बारकाव्यात शिरत नाही. दुसरे, अट कोणती यालाही महत्त्व असते. २०१३ मध्ये अट लोकांना मिळणारे काही काढून घेण्याची होती. २०२५ मध्ये ती मिळत असलेले टिकवण्याची होती. शटडाऊनच्या तोंडावर केएफएफने घेतलेल्या चाचणीत ७८ टक्के लोक अनुदानाच्या मुदतवाढीच्या बाजूने होते आणि त्यांत ५९ टक्के रिपब्लिकन मतदारही होते. ट्रम्प यांच्या कडव्या समर्थक मानल्या जाणाऱ्या जॉर्जियाच्या प्रतिनिधी मार्जोरी टेलर ग्रीन यांनीही, आपल्या सज्ञान मुलांचे हप्ते दुप्पट होतील, असे सांगत स्वपक्षाच्या नेतृत्वाला जाब विचारला.

तरीही त्याच संस्थांचे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवले, तर एक फरक लक्षात येतो. एनबीसीच्या चाचण्यांत २०१३ मध्ये दोन बाजूंत २२ गुणांचे अंतर होते, २०२५ मध्ये ते १० वर आले. पोस्ट आणि एबीसीच्या चाचण्यांत २०१९ मधील २४ गुणांचे अंतर १२ झाले. अट जोडण्याचा थोडा दोष डेमोक्रॅटिक पक्षालाही लागला होता, असे यावरून म्हणता येते. शिवाय बहुतेक मतदार आधी आपला पक्ष आणि मग दोषी ठरवतात. खरी ओढाताण कोणत्याच पक्षाला बांधील नसलेल्या मतदारांसाठी असते.

प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर

असे आकडे वाचताना एक पथ्य पाळायला हवे. मुख्य दोष कोणाचा, असे विचारले की उत्तर देणाऱ्याला एकाची निवड करावी लागते. एपी आणि एनॉर्क यांनी ऑक्टोबरच्या मध्यास प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे विचारले, तेव्हा चित्र निराळे दिसले. बरीच किंवा फार मोठी जबाबदारी ट्रम्प यांची आहे असे ५८ टक्के लोक म्हणाले, काँग्रेसमधील रिपब्लिकनांची आहे असे ५८ टक्के, आणि डेमोक्रॅटिक सदस्यांची आहे असे ५४ टक्के. म्हणजे पहिल्या प्रकारच्या प्रश्नात जी बाजू ठळकपणे वरचढ दिसते, ती दुसऱ्या प्रकारात जेमतेम वरचढ राहते. तिघांनाही दोषी धरणारे बरेच असतात. त्यांचा वैताग पहिल्या प्रश्नात दिसत नाही.

नावानेही मत बदलते. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसीने आपल्या चाचणीतील अर्ध्या लोकांना ‘ओबामाकेअर’विषयी आणि उरलेल्यांना ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’विषयी विचारले. कायदा एकच. पहिल्या नावाला ४६ टक्के लोकांनी विरोध केला, दुसऱ्याला ३७ टक्के लोकांनी. पाठिंबाही पहिल्या नावालाच अधिक होता. दुसरे नाव ऐकून ३० टक्के लोकांना हे काय आहे तेच ठाऊक नव्हते.

किंमत कोणी मोजली?

शटडाऊन ४३ दिवस चालला. तोपर्यंतच्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ. सुमारे १४ लाख कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. त्यांपैकी निम्मे घरी होते आणि निम्मे बिनपगारी कामावर. सरकारी अन्नसाहाय्यावर अवलंबून असलेल्या ४ कोटी २० लाख लोकांना नोव्हेंबरच्या मदतीसाठी ताटकळावे लागले. हवाई वाहतूक नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे कमी करण्याचा आदेश निघाला. सहा आठवड्यांच्या शटडाऊनमुळे सुमारे ११ अब्ज डॉलरचे उत्पादन कायमचे बुडेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता.

त्याची झळ आपल्याकडच्या काही घरांपर्यंतही आली. एच-१बी व्हिसाच्या अर्जाआधी अमेरिकेच्या श्रम खात्याचे प्रमाणपत्र लागते. १ ऑक्टोबरला हे काम थांबले आणि महिनाअखेरीस पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात तेथे नोकरी बदलू पाहणाऱ्या किंवा मुदत वाढवू पाहणाऱ्या भारतीयांचे अर्ज अडले. भारतातील दूतावासांचे व्हिसाचे काम शुल्कातून चालत असल्याने ते मात्र सुरू राहिले.

दोष एकाकडे, निकाल दुसरीकडे

४ नोव्हेंबरला व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी या राज्यांत गव्हर्नरपदाच्या निवडणुका डेमोक्रॅटिक पक्षाने आरामात जिंकल्या. व्हर्जिनियात फेडरल कर्मचाऱ्यांची मोठी वस्ती आहे. शटडाऊनचा आपल्याला फटका बसला, हे ट्रम्प यांनीही दुसऱ्या दिवशी स्वपक्षीय सिनेटरांसमोर मान्य केले. दोषारोपाची लढाई डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली होती, असे त्या दिवशी म्हणता आले असते.

अवघ्या पाच दिवसांनी, ९ नोव्हेंबरला, त्याच पक्षाच्या सात सिनेटरांनी आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या एका अपक्षाने रिपब्लिकन पक्षासोबत मतदान केले. ६० विरुद्ध ४० मतांनी कोंडी फुटली आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री ट्रम्प यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यात थकीत पगाराची हमी होती, शटडाऊनच्या काळातील नोकरकपात मागे घेण्याची तरतूद होती, अन्नसाहाय्याला वर्षभराचा निधी होता. आरोग्य अनुदान नव्हते. त्याऐवजी बहुमताचे नेते जॉन थून यांनी डिसेंबरमध्ये त्यावर मतदान घेण्याचा शब्द दिला. तो त्यांनी पाळला. ११ डिसेंबरला तीन वर्षांच्या मुदतवाढीचा प्रस्ताव सिनेटसमोर आला. बाजूने ५१ मते पडली, विरोधात ४८. साठ मतांच्या नियमामुळे तो फेटाळला गेला. रिपब्लिकन पक्षाच्या पर्यायी प्रस्तावाचेही तेच झाले.

१९९५, २०१३, २०१८-१९ आणि २०२५ या चारही वेळा सरकार अडवणाऱ्याला हवे ते पदरात पडले नाही. २०२५ मध्ये तर जनमत अट घालणाऱ्याच्या बाजूने असूनही पडले नाही. कारण साधे आहे. जनमत चाचणीतला रोष आजचा असतो, आणि सिनेटरला तोंड द्यावे लागते ते पुढच्या निवडणुकीच्या दिवशी, जो एक, तीन किंवा पाच वर्षे दूर असू शकतो. २०१४ चा निकाल दोन्ही पक्षांच्या स्मरणात आहे. रोष टिकत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले आहे. पगार न मिळालेला कर्मचारी आणि धान्याची वाट पाहणारे कुटुंब यांना मात्र तेवढे थांबता येत नाही. त्यामुळे त्यांच्या हालांची ज्याला आधी टोचणी लागते, तोच पक्ष आधी नमतो. मग दोष कोणाचाही असो.

३१ डिसेंबर २०२५ रोजी वाढीव अनुदानाची मुदत संपली. दोष कोणाचा, यावर ४३ दिवस वाद घालणारे दोन्ही पक्ष तोवर नव्या वर्षातील मध्यावधी निवडणुकीच्या तयारीला लागले होते. लाखो घरांत जानेवारीच्या विम्याचे वाढीव बिल पोहोचले. विमा चालू ठेवायचा, कमी संरक्षणाचा स्वस्त विमा घ्यायचा की विनाविमा राहायचे, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरवायचे होते.